चाखणे आणि साठवणे: रेड वाइनच्या गृहसंग्रहाचा धर्मविचार

घरी रेड वाइनचा संग्रह करणे, म्हणजे निरनिराळ्या द्राक्षजातींच्या, गावांच्या आणि हंगामांच्या बाटल्या निवडून विकत घेणे, त्या काही महिने किंवा वर्षे जपून ठेवणे आणि वेळ आली की उघडून लक्षपूर्वक चाखणे, हा मराठी गृहस्थाच्या जीवनक्रमात अगदी अलीकडे शिरलेला प्रकार आहे. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात वाइननिर्मिती सुरू केली, १९९९ मध्ये नाशिकजवळ सुला वाइनयार्ड्सची स्थापना झाली आणि २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, त्यानंतरच हा छंद मुंबई-पुण्याबाहेर पसरू लागला. त्यापूर्वीच्या मध्यमवर्गीय घरात मद्याबाबत दोनच वाटा होत्या: न पिणे, किंवा पिऊन त्याची वाच्यता न करणे. संग्रह ही तिसरी वाट, आणि ती दिवाणखान्यातून उघडपणे जात असल्यामुळे तिचे समर्थनही उघडपणे करावे लागते. हे समर्थन बहुधा एकाच अंगाने केले जाते. आपण थोडे पितो, जाणून पितो, चवीसाठी पितो, असे संग्राहक सांगतो. म्हणजे नशेच्या आरोपाला तो उत्तर देतो. परंतु भारतीय धर्मविचारात या व्यवहारासंबंधी दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिला मदाचा, म्हणजे चित्तावरचा ताबा सुटण्याचा. दुसरा परिग्रहाचा, म्हणजे गरजेहून अधिक वस्तू भोवती गोळा करून त्यांवर मालकी मिरवण्याचा. पहिल्या प्रश्नावर शास्त्रकारांनी पुष्कळ लिहिले आणि त्यातले बरेच आज टिकण्यासारखे नाही. दुसऱ्यावर मद्याच्या संदर्भात त्यांनी जवळजवळ काहीच लिहिले नाही, आणि गृहसंग्रहाची खरी अडचण तिथेच आहे.

हा विचार रत्नागिरीच्या संदर्भात करण्याला कारण आहे. वाइनची द्राक्षे देशावर पिकतात, कोकणात नव्हे. रत्नागिरीच्या दुकानात येणारी महाराष्ट्रातली प्रत्येक बाटली घाट उतरून येते. मात्र मद्याविषयी शास्त्रे काय म्हणतात याचा आधुनिक काळातला सर्वांत विस्तृत आढावा ज्यांनी घेतला, ते महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे याच जिल्ह्याचे. चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम येथे १८८० मध्ये जन्मलेल्या आणि दापोलीत शिकलेल्या काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत इंग्रजीत लिहिला. त्याच्या दुसऱ्या खंडात (१९४१) भोजनविचाराच्या ओघात मद्यपानाची आणि चौथ्या खंडात (१९५३) पातके व प्रायश्चित्ते यांच्या ओघात सुरापानाची चर्चा येते. याच काणे यांनी संस्कृत साहित्यशास्त्राचा, अर्थात रसविचाराचाही इतिहास लिहिला आहे. एकाच अभ्यासकाने हे दोन्ही विषय हाताळावेत हा योगायोग प्रस्तुत प्रश्नाला फार सोयीचा आहे, कारण वाइन चाखणाऱ्याला प्रायश्चित्ताचे प्रकरण आणि रसाचे प्रकरण ही दोन्ही एकदमच वाचावी लागतात.

धर्मशास्त्रात सुरा आणि मद्य यांत भेद केलेला आढळतो. सुरा म्हणजे मुख्यतः धान्याचे पीठ आंबवून केलेले पेय, आणि मद्य म्हणजे मद आणणारे कोणतेही पेय. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरापानाची गणना ब्रह्महत्येच्या पंक्तीला, महापातकांत केली आहे आणि सुरेचे तीन प्रकार दिले आहेत: गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि माध्वी. त्यांतली पैष्टी तिन्ही द्विजवर्णांना वर्ज्य, तर उरलेल्या दोन ब्राह्मणाला वर्ज्य, असा निष्कर्ष पुढील टीकाकारांनी काढला. विष्णुधर्मसूत्राच्या बाविसाव्या अध्यायात याहून लांब यादी आहे. तेथे दहा मद्ये नावानिशी मोजली असून त्यांत मोहाच्या फुलांचे, उसाचे, बोरांचे, खजुराचे, फणसाचे, नारळाचे आणि मृद्वीकेच्या, म्हणजे द्राक्षाच्या, रसाचे मद्य आहे. फणस आणि नारळ पाहून कोकणातल्या वाचकाला ही यादी आपल्याच परसात बसून केल्यासारखी वाटेल. ही दहाही पेये ब्राह्मणाला अपवित्र, परंतु क्षत्रिय आणि वैश्य यांना त्यांच्या स्पर्शाने दोष लागत नाही, असे सूत्रकार म्हणतो. राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि तो विरोधामुळे रखडला, तेव्हा वाइन ही दारू नव्हेच, असा युक्तिवाद बराच ऐकू आला. सूत्रकाराला तो पटला नसता. त्याच्या लेखी द्राक्षरसाच्या मद्याचे आसन माडीच्या शेजारीच आहे, आणि रेड वाइनमध्ये सर्वसाधारणपणे १२ ते १५ टक्के अल्कोहोल असते हे लक्षात घेता शेजार चुकीचा म्हणता येणार नाही.

याहून सूक्ष्म तरतूद वासाची आहे. ज्याचा वास घेऊ नये त्याचा आणि मद्याचा वास घेणे हे मनूने जातिभ्रंशकर पातकांत, म्हणजे जातीपासून च्युत करणाऱ्या कृत्यांत, घातले आहे. आणि सोमयाग केलेल्या ब्राह्मणाला सुरा प्यायलेल्याच्या तोंडाचा वास आला, तर त्याने पाण्यात उभे राहून तीन प्राणायाम करावेत व तूप प्राशन करावे, असे सांगितले आहे. वाइन चाखण्याची रीत ठाऊक असलेल्याला या नियमातले मर्म चटकन कळेल. चाखणारा पेला एक तृतीयांशच भरतो, पांढऱ्या कापडासमोर तिरका धरून कडेचा रंग पाहतो (तरुण वाइनची कड जांभळट असते, वय वाढलेल्या वाइनची विटकरी होते), पेला घोळवून नाक आत घालतो, मग लहानसा घोट तोंडात खेळवून थुंकून टाकतो. व्यावसायिक चाखणारा दिवसाकाठी पन्नास वाइन चाखून शुद्धीवर राहतो तो या थुंकण्यामुळेच. ज्याला सामान्यपणे चव म्हणतात तिचा मोठा भाग नाकातून येतो. तेव्हा घोट गिळला नाही म्हणून सुरापान झाले नाही, असा बचाव मनूपुढे मांडला, तर तो म्हणेल की अपराध नाकानेच पुरा झाला आहे. शास्त्रकारांना इंद्रियांचे व्यवहार चांगले समजत होते, हे मान्य केले पाहिजे.

मात्र या सगळ्या विधिनिषेधांत एक मूलभूत दोष आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. एकच पेय एकाला महापातक आणि दुसऱ्याला निर्दोष ठरत असेल, तर निषेध त्या पेयाचा नसून पिणाऱ्याच्या जन्माचा हिशेब ठेवण्यासाठी आहे. ब्राह्मणाचे शुचित्व राखणे हे त्याचे प्रयोजन. इतरांचे चित्त ठिकाणावर राहते की नाही याची त्याला फिकीर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातच, मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या मूळ गावच्या कुळातून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. मनूचा निषेध नाकारणारा माणूस मद्यत्याग नाकारत नाही. तो त्याला जन्माच्या हिशेबातून सोडवून सर्वांना सारखा लागू करतो. त्यामागे बौद्धांचे पाचवे शील आहे. या शीलात मद्य वर्ज्य केले ते प्रमादाचे स्थान म्हणून, आणि प्रमाद म्हणजे गाफीलपणा, सावधान चित्त हातचे सुटणे. निषेधाचा हा एकमेव पाया असा आहे की जो जातीवर, विटाळावर किंवा पेयाच्या कुळावर अवलंबून नाही. जिल्ह्यातल्या अनेक बौद्ध घरांत मद्य नसणे ही आजही स्वाभिमानाची बाब आहे, आणि वाइनकडे केवळ सुसंस्कृतपणाची खूण म्हणून पाहणाऱ्याने शेजारच्या वाडीत तिच्या अभावालाच सुसंस्कृतपणा मानतात हे विसरू नये.

मदाच्या प्रश्नावर दुसरी बाजूही जुनीच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसव सांगितले असून फळांच्या आसवांत मृद्वीकेचे नाव पहिले येते. आणि मदात्ययाच्या, म्हणजे अतिपानातून होणाऱ्या विकारांच्या, प्रकरणात असे प्रतिपादन आहे की विधिपूर्वक, मात्रा आणि काळ पाहून घेतलेले मद्य अमृतासारखे आणि अविधीने घेतलेले विषासारखे असते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही मद्याकडे प्राण्यांची स्वाभाविक प्रवृत्ती असते, तीत दोष नाही, पण निवृत्तीचे फळ मोठे आहे, अशी तडजोड आहे. ती अकराव्या अध्यायाशी कशी जुळवायची याची चिंता टीकाकारांनी वाहिली. कोकणच्या लोकाचाराने ही चिंता कधी वाहिली नाही. गावचा राखणदार, म्हणजे शिवेवरचा रक्षक देव, कोंबड्याबरोबर दारूचाही मान घेतो, आणि त्याच गावात एकादशीला विठ्ठलमंदिरात भजन होते. अलिबागच्या परिसरात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचे उदाहरण याहून बोलके आहे: शब्बाथच्या किद्दुश विधीला द्राक्षाच्या वाइनचा पेला लागतो, आणि तो न मिळणाऱ्या या मुलखात त्यांनी मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हटला. पेल्यात मद नसला तरी विधी पुरा झाला. कॅथलिक उपासनेत मात्र द्राक्षाच्याच वाइनचा आग्रह आहे, आणि मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ याने धार्मिक विधीसाठीच्या वाइनला स्वतंत्र मुभा ठेवली आहे.

राज्यसंस्थेने पिणाऱ्याच्या घरातला साठा मोजण्याची पद्धत काही १९४९ मध्ये सुरू झाली नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. त्यात ज्यांचे सदाचरण परिचित आहे अशांनाच मद्य पानगृहाबाहेर नेऊ द्यावे आणि तेही कुडुब, प्रस्थ अशा ठरावीक लहान मापांतच, असा नियम आहे. उत्सव आणि यात्रांसाठी चार दिवस मोकळीक आहे. आजचा राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो ते परमिट आणि बाळगण्यावरची मर्यादा ही त्याच कुळातली. कायद्याने महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यास, जवळ ठेवण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, आणि शेकडो बाटल्यांचा खाजगी संग्रह हा परदेशी पुस्तकांतून उचललेला आदर्श येथे नियमातच बसत नाही, ही गोष्ट संग्राहकांच्या गप्पांत क्वचितच निघते. सुराध्यक्षाच्या त्याच प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला मधु म्हटले असून त्याचे प्रकार त्यांच्या मुलखावरून ओळखावेत, असे सांगून कापिशायन आणि हारहूरक ही दोन नावे दिली आहेत. पहिले कापिशी नगरीचे, आजच्या अफगाणिस्तानातले. त्याची व्युत्पत्ती पाणिनीनेही दिली आहे. वाइन तिच्या मातीवरून ओळखायची ही कल्पना फ्रान्सची मक्तेदारी नाही, एवढे यावरून दिसते. भरुकच्छ बंदरात उतरणाऱ्या मालाची जी यादी पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक नाविक-वृत्तांतात आहे, तीतही वाइन असून इटलीच्या वाइनला अधिक मागणी असल्याची नोंद आहे.

आता चाखण्याकडे वळता येईल. चव ही ज्याच्या त्याच्या जिभेची, तिच्यावर वाद नाही, असे सामान्यतः म्हटले जाते. इमॅन्युएल कांट यानेही १७९० च्या ग्रंथात वाइनचेच उदाहरण घेऊन असे मांडले की ती 'मला' आवडते एवढेच म्हणता येते, सर्वांना आवडलीच पाहिजे असा दावा करता येत नाही. त्याआधी १७५७ मध्ये डेव्हिड ह्यूम याने दोन किहोते कादंबरीतली एक हकीकत वापरून उलट बाजू मांडली होती. सांचो पांझाच्या दोन आप्तांनी एका पिंपातली वाइन चाखली. एकाला तीत चामड्याची, दुसऱ्याला लोखंडाची चव लागली. लोक हसले, आणि पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. म्हणजे चव वस्तूत असते, फक्त ती ओळखणारी जीभ सर्वांची नसते. भारतीय दर्शनांपैकी न्याय-वैशेषिक या पक्षाच्या जवळचे आहे. त्यात रस हा द्रव्याचा गुण आहे आणि रसनेंद्रियाने त्याचे प्रत्यक्ष ज्ञान होते. या ज्ञानाच्या दोन पायऱ्या नैयायिक करतात: निर्विकल्पक, म्हणजे नाव-जात न जोडलेले नुसते भान, आणि सविकल्पक, म्हणजे 'हे अमुक' अशा विशेषणांसह होणारे ज्ञान. चाखण्याची सगळी शिस्त या दोन पायऱ्यांमधल्या क्षणाला लांबवण्यात आहे. घोट जिभेवर आला की मन लगेच 'शिराझ', 'नाशिक', 'महाग' अशी नावे लावू पाहते. चांगला चाखणारा ती नावे थोडा वेळ बाहेर थांबवून ठेवतो.

रेड वाइनच्या बाबतीत कोकणच्या जिभेला एक जन्मजात सोय आहे. रेड वाइनला रंग आणि तुरटपणा देणारे पदार्थ द्राक्षाच्या सालीतून येतात; रस सालीसकट आंबवला जातो म्हणून ती लाल, आणि टॅनिन नावाच्या द्रव्यांमुळे ती जीभ आणि हिरड्या ओढून धरते. आयुर्वेदाने सहा रसांत गणलेला कषाय, म्हणजे तुरट, तो हाच. आधुनिक शरीरशास्त्र त्याला चव न मानता स्पर्शाची संवेदना मानते. काजूचे बोंड, जांभूळ, कच्ची सुपारी यांवर वाढलेल्याला हा ओढा परका नाही. बोंडाचा तुरटपणा घशाला खवखवतो, जांभळाचा जिभेवर पसरून गोडीत विरतो, आणि सुपारीचा कोरडा राहतो. साठ्यातल्या रेड वाइनचे टॅनिन पहिल्या प्रकारचे आहे, दुसऱ्या की तिसऱ्या, एवढे ओळखता आले, तरी ती आज प्यावी की ठेवावी याचा निम्मा निकाल लागतो. परदेशी पुस्तकांतली ब्लॅकबेरी आणि सीडार लाकूड यांची नावे पाठ करून न लागलेली चव लागल्याचे सांगणे हे त्यापुढे निव्वळ पोपटपंची आहे.

पण ज्ञानाच्या या वाटेवर मोठा खड्डा आहे. बोर्दोमध्ये झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. कॅलिफोर्नियातल्या २००८ च्या प्रयोगात तीच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. महाग म्हणून दिलेली अधिक चांगली लागली, आणि मेंदूतल्या सुखाशी संबंधित भागाची हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे चाखणारे खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच चांगली लागली. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यास सांगितला आहे, म्हणजे एका वस्तूच्या ठिकाणी दुसऱ्या वस्तूचे भान होणे, दोरीच्या जागी साप दिसणे. वाइनच्या जागी किमतीची चव लागणे हा तसाच अध्यास, आणि तो संग्राहकाच्या बाबतीत दुप्पट असतो, कारण त्याने किंमत केवळ वाचलेली नसून भरलेली असते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसास्वादाची तुलना अनेक व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा आस्वाद घेणाऱ्या सुमनस, म्हणजे प्रसन्न आणि निर्मळ मनाच्या, लोकांशी केली. पुढे अभिनवगुप्ताने रसास्वादातल्या विघ्नांची चर्चा केली आणि त्यांत स्वतःच्या सुखदुःखात अडकून पडणे हे एक विघ्न मानले. बाटली आपली आहे, आपण ती निवडली, आपण ती जपली, हा भाव म्हणजे नेमके ते विघ्न. संग्रह चाखण्याला साहाय्य करतो असे मानले जाते; अनेकदा तो चाखण्याला अपात्र करतो. म्हणूनच बाटल्यांना कागद गुंडाळून, कोणती कोणाची हे न सांगता चाखण्याची रीत हा खेळ न मानता चित्तशुद्धीचा उपाय मानावा.

येथे परिग्रहाचा प्रश्न समोर येतो. योगसूत्रांत अपरिग्रह पाच यमांपैकी एक आहे, पण ती योग्याची शिस्त. गृहस्थाला साठा लागतोच. जैन श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाचे परिमाण, म्हणजे किती ठेवायचे याची आधीच ठरवलेली मर्यादा, सांगितली आहे. अर्थात त्याला मद्य मुळातच वर्ज्य. गृहस्थाच्या साठ्याविषयी सर्वांत नेमका विचार मनूच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाच्या निमित्ताने आला आहे. साठ्यावरून तेथे चार प्रकार केले आहेत: कोठारभर धान्य ठेवणारा कुसूलधान्यक, रांजणभर ठेवणारा कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरते ठेवणारा त्र्यहैहिक, आणि उद्यापुरतेही न ठेवणारा अश्वस्तनिक, यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ. कोठार किती काळाचे, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. ज्या ग्रंथाचा मद्यनिषेध वर नाकारला, त्याचीच ही श्रेणी मात्र उपयोगी पडते, कारण साठवणे चांगले की वाईट असा निकाल न देता किती काळाचे साठवले, हा प्रश्न ती विचारते.

या मापाने वाइन मोजू गेल्यास ती विचित्र वस्तू ठरते. आगोटीला भरलेले तांदूळ, सुकट आणि आमसुले ही पावसाळ्याची बेगमी असते. तिची मुदत ठरलेली आणि संपणे अपेक्षित. सोने आणि जमीन न संपण्यासाठीच ठेवतात. वाइन मात्र संपण्यासाठीच केलेली असून न संपवता ठेवली जाते, आणि उघडल्याशिवाय तिची योग्यता कळत नाही, उघडल्यावर ती उरत नाही. त्यामुळे संग्राहकाचे सुख वर्तमानात नसून नेहमी पुढच्या तारखेला असते: मुलाच्या लग्नात, निवृत्तीच्या दिवशी, 'योग्य माणूस' आल्यावर. याच्या बचावात गीतारहस्याचा आधार घेता येईल. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या ग्रंथात कर्माचा नव्हे तर फलासक्तीचा त्याग प्रतिपादला आहे. मग वस्तूंत राहून अनासक्त असणेही शक्य असले पाहिजे. (टिळकांनी स्वतः १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर पहारे बसवण्याची चळवळ चालवली होती, हे या बचावात अडचणीचे, पण ती अडचण मदाची आहे.) अनासक्तीचा दावा स्वीकारायला हरकत नाही, मात्र त्याला कसोटी हवी. ती अशी: साठ्यातली सर्वांत जपलेली बाटली, तिचे नावगाव न जाणणाऱ्या आणि तिची तारीफ न करणाऱ्या पाहुण्यासाठी, किंमत न सांगता उघडता येते का? ज्याला येते त्याचा संग्रह आतिथ्याचा; ज्याला येत नाही त्याला वाइनने नशा न देताही मद दिला आहे.

रत्नागिरीत या तत्त्वविचाराला हवेची जोड मिळते. रेड वाइन दीर्घकाळ टिकण्यासाठी सुमारे १२ ते १४ अंश सेल्सियस तापमान, अंधार आणि स्थिरता लागते. रत्नागिरीत उन्हाळ्यात पारा ३० च्या वर राहतो, थंडीच्या रात्रीही तो क्वचितच फार उतरतो, आणि पावसाळ्यात ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. चिऱ्याच्या जुन्या घरातले माजघर त्यातल्या त्यात गार. पण तेही तळघर नव्हे. जुलैत बाटलीवरची चिठ्ठी सुटते, बुचावर पांढरी बुरशी धरते, आणि खराब बुचामुळे वाइनला येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास ओळखणे अवघड होते, कारण तोच वास कपाटालाही येत असतो. विजेचे शीतकपाट घेतले, तरी ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, हे ध्यानात घ्यावे लागते. उष्णतेने वाइन शिजल्यासारखी होते; रंग तपकिरी होतो आणि फळाची चव जाऊन मुरंब्यासारखी जड चव उरते. दहा वर्षांच्या आशेने ठेवलेली बाटली येथे तिसऱ्या वर्षीच आपली आशा सोडून देते.

म्हणून रत्नागिरीतल्या घरासाठी योग्य मर्यादा कुंभीधान्यकाचीही नसून त्याहून कमी आहे. दसऱ्यानंतर, उकाडा ओसरू लागल्यावर खरेदी करावी. दुकानाच्या काचेत उन्हात उभ्या राहिलेल्या बाटलीऐवजी आतल्या खोक्यातली मागावी. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असलेली मिळाली तर तीच घ्यावी. अकलूजची सांजोव्हेसे-कॅबर्ने मिश्रणाची सेते, दिंडोरीची शिराझ, नंदी हिल्सची ला रिझर्व्ह अशा तीन-चार ठिकाणच्या मिळून डझनाच्या आतच बाटल्या ठेवाव्यात, नावे झाकून शेजाऱ्यांबरोबर चाखाव्यात आणि मृग लागण्यापूर्वी फळी रिकामी करावी. भारतातल्या बहुतेक रेड वाइन मुळातच दोन-तीन वर्षांत पिण्यासाठी केलेल्या असतात, त्यामुळे यात काही गमावले जात नाही. ज्यांच्या घरी प्रतिज्ञेने किंवा व्रताने मद्य नाही, त्यांच्याकडे जाताना भेट म्हणून बाटली नेऊ नये. आणि ज्याला दहा वर्षे जपायची वाइन हवी असेल, त्याने ती रत्नागिरीत ठेवू नये.